वाचन शिकवणारे घडवताना: छात्राध्यापकांच्या सराववर्गाच्या प्रकल्प नोंदी

काय चाललं आहे: शिक्षक पदविकेच्या दुसऱ्या वर्षाचे छात्राध्यापक, पहिली-दुसरीची मुलं, मराठी वाचन. आठवड्याला ९० मिनिटांची दोन सत्रं आणि पुढे रोज अर्धा तास प्रत्यक्ष मुलांसोबत. सिद्धांत इथे उगाळत नाही. गफ आणि टनमर या वाचन-संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं सूत्र धरून चाललो आहोत: वाचून समजणं म्हणजे लिपी उलगडणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नाही, गुणाकार. एक बाजू शून्य असेल तर उत्तर शून्यच. या नोंदी हेच काम हाती घेणाऱ्यांसाठी आहेत.

१६ जून: ध्वनी मोजण्याची चाचणी

सुरुवात व्याख्यानाने केली नाही, पंधरा मिनिटांची चाचणी घेतली. कमळ, चमचा, प्राणी, ज्ञान या शब्दांत ध्वनी किती? बहुतेकांनी अक्षरं मोजली: तीन, तीन, दोन, दोन. खरं तर चारही शब्दांत ध्वनी पाच-पाच आहेत. कमळ म्हणजे क्, अ, म्, अ, ळ्. शेवटचा अ आपण उच्चारतच नाही. चमचात लिहिताना म पूर्ण, बोलताना अर्धा. ज्ञान आपण ‘द्न्यान’ म्हणतो.

‘हे पहिलीच्या बाईंना कशाला हवं?’ असा प्रश्न आला, आणि तो रास्त होता. उत्तर श्रुतलेखनाच्या वहीत सापडतं. मूल ‘चम्चा’ लिहितं तेव्हा ते निष्काळजी नसतं, त्याने बरोबर ऐकलेलं असतं. त्याला लिहिण्याचा संकेत सांगायला हवा. ‘नीट ऐक’ म्हणून काहीच साधत नाही, कारण ऐकण्यात चूक नव्हतीच.

१९ जून: तीच चाचणी, शब्द झाकून

आधीच्या सत्रात शब्द फळ्यावर लिहिले होते. तिथेच घोटाळा झाला. सराईत वाचकाला लिहिलेलं दिसलं की कान बंद होतात. आज शब्द फक्त तोंडी. प्रत्येकासमोर आठ बटणं, एका ध्वनीला एक बटण पुढे सरकवायचं, डोळे मिटून. दोन-दोन ध्वनींपासून सुरुवात (ये, जा, ती), मग तीन (नाक, पाय), आणि जोडाक्षरं सगळ्यात शेवटी. ‘क’ म्हणताना ‘कऽ’ असा हेल काढायची सवय मोडायला वेळ लागला. मुलाला ध्वनी जोडायला देताना शिक्षकाने ‘कऽ मऽ ळऽ’ असं ओढून म्हटलं, तर जोडून ‘कमळ’ निघत नाही.

एक मर्यादा घालून दिली: मुलांसोबत ध्वनींचा हा तोंडी खेळ रोज पाच मिनिटांपुरता, आणि लवकरात लवकर अक्षर हातात ठेवून. नुसत्या तोंडी खेळात आठवडे घालवायचे नाहीत.

२३ जून: अक्षरांचा क्रम

बहुतेकांच्या डोक्यात दोनच क्रम होते: वर्णमालेचा आणि ग म भ न. दुसऱ्यात वळणं सारखी असल्याने हात बसवायला तो बरा. वाचायला शिकवताना मात्र तेच सारखेपण आडवं येतं. म आणि भ पाठोपाठ आले की मूल दोन्हींत अडकतं. घ-ध, ब-व, प-ष यांचंही तेच. जोडीतलं एक पक्कं झाल्याशिवाय दुसरं आणायचं नाही, हा नियम ठरवला.

पहिला गट: क, म, ल, र, स, आ आणि काना. एवढ्यात काम, माल, लाल, मला, कसा, काल हे शब्द होतात. पण वाक्य करायला गेलं की ‘काका आला’ असं होतं, आणि घरोघरी मुलं ‘काका आले’ म्हणतात. म्हणून मात्रा (े) लगेच दुसऱ्या गटात घेतली. दुसरा गट: त, न, ब, घ, ह, मात्रा आणि दुसरी वेलांटी. आता ‘बाबा घरी आले’ सरळ वाचता येतं, आणि ‘आहे’ही मिळतं.

पहिली वेलांटी मागे ठेवली त्याला दोन कारणं. मराठीत शब्दाच्या शेवटचा इकार नियमाने दीर्घ लिहितात (आणि, नि हे ठळक अपवाद), त्यामुळे मी, ती, ही, घरी यांना दुसरीच लागते. शिवाय पहिली वेलांटी लिहिली जाते अक्षराच्या आधी आणि उच्चारली जाते नंतर. डावीकडून वाचायची शिस्त नुकती लागत असताना हा अपवाद समोर आणायची घाई नको.

३० जून: वाचनपट्ट्या आणि फॉन्टचा घोळ

प्रत्येक गटासाठी ४ ते ६ ओळींचे उतारे छात्राध्यापकांनीच लिहायचे. नियम असा की दहा शब्दांत न शिकवलेला शब्द एकच, आणि तोही आधी सांगून दिलेला. पहिल्या खेपेला ‘रमा कमल कर’, ‘सारा माल काल’ अशी वाक्यं आली. अक्षरं नियमात, पण असं कोणी बोलत नाही. मुलं वाचतात आणि अर्थ शोधायचा नसतोच असं शिकतात. म्हणून एक चाळणी लावली: वाक्य शेजाऱ्याला म्हणून दाखवायचं, तो हसला किंवा ‘म्हणजे?’ म्हणाला की वाक्य बाद. निम्म्याहून जास्त वाक्यं गळाली. उतारे लिहिण्यात अंदाजापेक्षा दुप्पट वेळ गेला, पण हेच साहित्य पुढच्या तुकड्यांना चालेल.

छपाई करून आणल्यावर लक्षात आलं की कार्डांवरचे ल आणि श हिंदी वळणाचे आहेत आणि मुलांच्या पुस्तकात मराठी वळणाचे. युनिकोडमध्ये दोन्हींचा क्रमांक एकच असतो. कोणतं वळण दिसेल ते फॉन्टवर ठरतं, आणि काही फॉन्टांत मजकुराची भाषा ‘मराठी’ निवडली तरच मराठी वळण येतं. ल पहिल्याच गटात असल्याने कार्डांचा अख्खा गठ्ठा रद्द केला. छापण्याआधी ‘लाल’ आणि ‘शाळा’ हे दोन शब्द एका कागदावर काढून पुस्तकाशी ताडून बघा, मगच बाकीचं.

कार्डाचं माप: पाच-सहा मुलांच्या गटाला अक्षराची उंची ४ सेंमी पुरते. चित्र नको. ‘क’च्या कार्डावर कमळ काढलं की मूल कमळ बघून ‘क’ म्हणतं.

७ जुलै: ‘व ला पहिली वेलांटी वि’

आज आपसांत सराव. शब्द ‘विमान’. जवळजवळ सगळ्यांनी तोच हेल लावला: व ला पहिली वेलांटी वि, म ला काना मा, न. लिहिताना हा हेल कामाचा आहे, वाचताना नाही. शेवटचं ‘न’ येईपर्यंत मुलाच्या डोक्यातून ‘वि’ निसटलेलं असतं. मग मूल ‘मान’ म्हणतं, किंवा शिक्षकाच्या तोंडाकडे बघतं.

त्याऐवजी सलग जोडणी: बोट ‘वि’खाली, ‘वि’. बोट पुढे, ‘विमा’. पुढे, ‘विमान’. प्रत्येक टप्प्यावर मागचं धरून पुढचं जोडायचं. अक्षर आणि स्वरचिन्ह मिळून एकच घास, वेगळं फोडायचं फक्त मूल अडलं तर. बोट ओळीखाली हवं. वर धरलं की वेलांटी, मात्रा, अनुस्वार सगळे झाकले जातात. क्षुल्लक वाटतं, पण पुढे चित्रफितींत हीच गोष्ट सर्वांत जास्त वेळा दुरुस्त करावी लागली.

१४ ते २८ जुलै: चूक झाल्यानंतरचं वाक्य

या नोंदीवर जास्त जागा खर्च करतो आहोत, कारण खरं काम इथे आहे. छात्राध्यापक अक्षरक्रम, जोडणी, उतारे हे सगळं लवकर उचलतात, परीक्षेत लिहितातही. घोडं अडतं ते मूल चुकल्यानंतरच्या दोन-तीन सेकंदांत. त्या क्षणी शिकलेलं सगळं मागे पडतं आणि लहानपणी स्वतःला जसं शिकवलं गेलं तेच तोंडातून बाहेर येतं: ‘नीट बघ’, ‘अरे काल शिकवलं ना’, किंवा थेट शब्द सांगून मोकळे. ‘नीट बघ’ यात काय बघायचं तेच नाही.

म्हणून चुकांची पत्तीकार्डं केली. तिघांचा गट: एक शिक्षक, एक मूल, एक निरीक्षक. ‘मुला’ला गुपचूप कार्ड मिळतं, उदाहरणार्थ ‘पाटी’ला ‘पाणी’ म्हण, ‘मामा’चा दुसरा काना गाळ, चित्र बघून ‘मांजर’ऐवजी ‘मनी’ म्हण, ‘ढ’पाशी गप्प बस. पहिल्या दिवशी ‘मुलां’नी नाटकच केलं: रडणं, पळणं, दप्तर आपटणं. वेळ वाया. मग कार्डावर एवढंच ठेवलं: कोणता शब्द, कोणती चूक, किती वेळा. बाकी सगळं बरोबर वाचायचं.

प्रत्येक प्रकारच्या चुकीला एकच ठरलेला प्रतिसाद. तो पाठ करायचाच:

काना-मात्रा सुटली: त्या चिन्हाखाली बोट, ‘म ला काना?’ मूल ‘मा’ म्हणतं. ‘आता पूर्ण शब्द.’ मग ‘ओळ पुन्हा वाच.’

चित्रावरून किंवा पहिल्या अक्षरावरून अंदाज: हाताने चित्र झाका, ‘अक्षरं वाच.’ ‘काय असेल बरं?’ असं कधीच विचारायचं नाही. ते अंदाजाला दिलेलं आमंत्रणच असतं.

अक्षरच ठाऊक नाही: लगेच सांगा. ‘हा ढ. हा कोणता?’ ‘ढ.’ दोन-तीन शब्द पुढे गेल्यावर परत त्याच अक्षराकडे. जे शिकवलेलंच नाही ते मुलाकडून काढून घेण्यात अर्थ नाही.

मूल थांबलं आहे, ओठ हलताहेत: तीन सेकंद गप्प.

हे शेवटचं सर्वांत अवघड निघालं. तीन सेकंद म्हणजे किती हे सांगून कळत नाही. एकीने पाठीमागे हात धरून अंगठ्याने तीन बोटं मोजायची युक्ती काढली, ती सगळ्यांना दिली. तरी आवाज थांबला तर ओठ बोलत होते. शब्दाचा आकार ओठांनी करून दाखवायची सवय स्वतःला कळतच नाही, समोरच्यानेच सांगावी लागते. निरीक्षकाला मग दुसरं काही टिपायला सांगितलं नाही, फक्त शिक्षकाचे ओठ.

‘ओळ पुन्हा वाच’ हा भाग सर्रास गाळला जात होता. शब्द सुधारला की सगळ्यांना पुढे जायची घाई. पण सुधारलेला शब्द वाक्यात परत वाचला नाही, तर मूल अर्थाचा धागा सोडून पुढे गेलेलं असतं.

सुरुवातीला चारही प्रतिसाद एकाच सत्रात दिले होते. गोंधळ उडाला: चूक कोणतीही, प्रतिसाद पहिलाच. नंतर एका सत्रात एकच प्रकार, पुढच्या सत्रात तो आणि नवा मिसळून. दोन आठवडे यातच गेले. वेळापत्रकात निम्मेच धरले होते, तुम्ही पूर्ण धरा.

४ ऑगस्ट: प्रत्यक्ष मुलांसोबत

पाच-सहा मुलांचा गट, दहा मिनिटं अक्षरं आणि शब्द, दहा मिनिटं उतारा, उरलेला वेळ गोष्ट ऐकणं. फोनवर ध्वनिमुद्रण. फोन बाकावर ठेवला तर पाय हलले तरी धडधड येते, खाली घडी केलेलं कापड ठेवा.

फिती ऐकल्यावर दोन गोष्टी उघड झाल्या. एक, बोलणं बहुतेक शिक्षकाचंच. दोन, समूहवाचनात दोन मुलं पुढे आणि बाकीची अर्ध्या अक्षराने मागे, त्यांचं ऐकून म्हणणारी. समूहवाचन टाकून दिलं नाही, त्याला खूण लावली: कार्ड दाखवा, दोन सेकंद कोणीच बोलायचं नाही, टिचकी वाजली की सगळे एकदम. त्यानंतर लगेच दोघा-तिघांना एकेकटं, आणि सुरुवात नेहमी मागे राहणाऱ्यापासून. आधी नाव घेऊन मग कार्ड दाखवलं तर बाकीचे सुटतात, म्हणून आधी कार्ड, मग नाव.

निरीक्षणपत्रिकेतले ‘आत्मविश्वास’, ‘फलकलेखन’, ‘वर्गनियंत्रण’ हे रकाने काढले. आता फक्त तीन: दहा मिनिटांत प्रत्येक मुलाने स्वतः वाचलेले शब्द, झालेल्या चुका, आणि त्यांपैकी ठरलेला प्रतिसाद किती चुकांना मिळाला. दहा मिनिटांची पूर्ण फीत अशी तपासायला पाऊण तास लागतो, रोज परवडत नाही. मधलीच तीन मिनिटं तपासतो. सुरुवातीची मिनिटं सगळ्यांची छान असतात.

२१ ऑगस्ट: पाठांतर की वाचन

एका गटातलं मूल पुस्तकाचं पान धडाधड म्हणत होतं, छात्राध्यापिकेने ‘उत्तम वाचक’ असा शेरा दिला. त्याच पानावरचे शब्द कार्डांवर उलटसुलट दाखवले तर तीन-चारच आले. बाराखडीचंही तसंच. ‘कू’ दाखवलं की मूल मान किंचित डोलवत मनात क, का, कि, की करत तिथवर पोचतं. उत्तर बरोबर येतं, पण वाट लांबची. वाचताना एवढा वेळ नसतो.

तपासणी अशी ठरवली: शब्द क्रम मोडून, आणि सोबत पाच बिनअर्थाचे शब्द (लिभा, टोसू, खुमे यांसारखे). बिनअर्थाचे शब्द फक्त तपासायला. काही जणांनी ते रोजच्या सरावात घेतले, ते थांबवलं. मुलांना आधी सांगावं लागतं की हे खोटे शब्द आहेत, नाहीतर हुशार मूल ‘टोसू’चं ‘टोपी’ करून देतं आणि आपण त्याला चूक देतो.

१५ सप्टेंबर: एका मिनिटाचं वाचन

न पाहिलेला उतारा, एक मिनिट, बरोबर वाचलेले शब्द. पहिल्यांदा एकाच फितीवर सगळ्यांनी गुण दिले तर कोणाचा कोणाला मेळ नव्हता. फरक तीन ठिकाणी होता, नियम लिहून काढले:

स्वतःहून तीन सेकंदांत सुधारलं तर बरोबर. तीन सेकंद अडलं तर शब्द सांगा, चूक धरा, पुढे चला. शब्द दोनदा म्हटला तर चूक नाही.

घरच्या बोलीचा उच्चार चूक नाही. ‘पाणी’ला ‘पानी’, ‘होता’ला ‘व्हता’ म्हणणारं मूल अक्षर वाचून आपल्या बोलीत बोलतं आहे. पण जे मूल एरवी ‘बाळ’ म्हणतं आणि वाचताना ‘बाल’ म्हणतं, तिथे ळ कच्चा आहे. म्हणजे मूल घरी कसं बोलतं ते आधी ऐकल्याशिवाय गुण देता येत नाहीत. उताऱ्याआधी दोन मिनिटं गप्पा मारायच्या, हे वेळापत्रकातच घातलं.

शब्द मोजण्यातही मेख आहे. मराठीत प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं जोडून लिहितात. ‘घराजवळच्या’ हा एक शब्द, अक्षरं सहा. ‘तो’ हाही एकच शब्द. त्यामुळे इंग्रजीचे किंवा हिंदीचे मिनिटाला इतके शब्द हे आकडे मराठीला जसेच्या तसे लावू नका, आणि आपलेच दोन उतारे ताडून बघण्याआधी त्यांची अक्षरं मोजा. आम्ही दोन्ही आकडे लिहितो.

दोघांनी वेगवेगळे गुण देऊन शंभरातल्या किमान ९० शब्दांवर एकमत झालं, तरच ती नोंद धरायची.

६ ऑक्टोबर: जोडाक्षरं

आधी उभी दांडी जाऊन होणारी (म्ह, च्या, स्त), ती सोपी जातात. र शेवटी आणि एकेक रूप वेगळं: क्र, ट्र, रफार, आणि ‘वाऱ्यावर’मधला. रफार डोक्यावर बसतो पुढच्या अक्षराच्या आणि उच्चारला जातो त्याच्या आधी, म्हणून इथे पहिल्या वेलांटीचीच युक्ती, बोट उलटं नेऊन दाखवणं. दर्या आणि दऱ्या ही जोडी कार्डावर ठेवाच. फोनवर टाइप करताना बऱ्याच जणांचं ‘दऱ्या’ ‘दर्या’ होऊन छापलं गेलं, हे छपाईआधी बघा.

१० नोव्हेंबर: समजणं

गुणाकाराची दुसरी बाजू. मुलं स्वतः वाचू शकतात ते उतारे साधे असतात, भाषा त्यांनी वाढत नाही. म्हणून रोज शिक्षकाने वाचून दाखवलेली गोष्ट, मुलांच्या वाचनाच्या दोन इयत्ता पुढची. एका गोष्टीतले तीनच शब्द निवडायचे. ‘अर्थ सांगा’ असं न विचारता आपणच सोप्या वाक्यात सांगायचं, मग मुलांनी वापरायचा.

प्रश्नांत सगळ्यांचा ओढा ‘कोण आलं? कुठे गेलं?’ याकडे. उत्तर ओळीत तसंच्या तसं असतं, न समजताही देता येतं. दर गोष्टीला एक ‘का’ आणि एक ‘मग काय होईल’ पाठ टाचणात आधीच लिहून नेला तरच विचारला जातो, ऐनवेळी सुचत नाही.

१ डिसेंबर: पुढच्या तुकडीसाठी

पाठ टाचण एका पानावर आणलं: आजची अक्षरं, दहा शब्द, उतारा, अपेक्षित चुका आणि त्यांचे प्रतिसाद, दोन प्रश्न. पूर्वी रंगीत तक्त्यांत जाणारा वेळ आता ‘अपेक्षित चुका’ या रकान्यात जातो. तो रिकामा असेल तर पाठ घेऊ देत नाही.

प्रतिसादांचा सराव ऑक्टोबरमध्ये बंद पडला होता आणि फितींत ‘नीट बघ’ परत ऐकू यायला लागलं. आता दर सोमवारी सत्राची पहिली दहा मिनिटं पत्तीकार्डांची, वर्ष संपेपर्यंत. कार्डं नवी लागतात, जुन्या चुका सगळ्यांना पाठ झाल्या आहेत. मुलांच्या फितींतूनच खऱ्या चुका उचलतो, मुलाचं नाव गाळून. जूनसाठी ल-श तपासलेली मूळ फाइल, उताऱ्यांची अक्षरसंख्या आणि गुणांचे नियम एकाच फोल्डरमध्ये ठेवले आहेत. रफाराचे उतारे अजून कमी पडतात, ते आधी लिहायचे.